गाठीचा ताप आणि एका खोलीचे बिऱ्हाड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात आलेल्या प्लेगचा इतिहास मराठीत बहुधा पुण्याच्या अंगाने सांगितला जातो, आणि प्लेग अधिकारी रँडचा वध, चाफेकर बंधूंची फाशी व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या घटनांचे महत्त्व पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु साथीची सुरुवात मुंबईत झाली, तिने सर्वांत दीर्घ मुक्काम मुंबईतच केला आणि तिचा खरा भार गोदीच्या व गिरण्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या कष्टकरी वस्तीने वाहिला. या वस्तीत रोग का शिरला, तो तेथेच का रेंगाळला आणि त्याच्या निवारणासाठी झालेला खर्च अखेर कोणाच्या पदरात पडला, या प्रश्नांची उत्तरे शोधताना जंतुशास्त्राइतकेच घरभाडे, मजुरी आणि जात यांच्याकडे पाहावे लागते.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली, तेव्हापासून चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर व घाटमाथ्यावरच्या इतर मुलखांतून माणसांचा ओघ सुरू झाला. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजार ७६४ भरली. या माणसांना कामाला लावण्याची घाई सर्वांना होती, मात्र त्यांच्या राहण्याची सोय करणे गिरणीमालक, सरकार आणि नगरपालिका यांपैकी कोणालाही आपले काम वाटले नाही. ती जबाबदारी घरमालकांवर पडली आणि त्यांनी ती चाळीच्या रूपाने पार पाडली. चाळ म्हणजे लांबच लांब सामाईक गॅलरीवर किंवा अंधाऱ्या बोळावर उघडणाऱ्या एकेका खोलीची रांग, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि सामाईक संडास. खोलीच्या कोपऱ्यात भांडी घासण्यापुरती आणि अंघोळीपुरती मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात चूल, वरच्या माळ्यावर ट्रंका आणि गावाहून आणलेल्या तांदळाचे पोते, आणि उरलेल्या जागेत माणसे. भाडे एकट्याला परवडत नसल्याने एका गावचे सात-आठ पुरुष मिळून खोली घेत, पाळीप्रमाणे झोपत आणि शेजारच्या एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत. कुटुंबवाल्यांनाही खर्च भागवण्यासाठी एक-दोन गाववाले पोटभाडेकरू ठेवावे लागत. १९११ च्या जनगणनेत मुंबईचे ६९ टक्के लोक एकाच खोलीत राहत असल्याचे आणि अशा प्रत्येक खोलीत सरासरी साडेचार माणसे असल्याचे आढळले. प्लेगच्या आधी ही स्थिती याहून चांगली नव्हती.

पाणी आणि सांडपाणी यांच्या बाबतीत शहराने जो क्रम लावला त्याचे परिणाम गरिबांच्या वस्तीला विशेष भोगावे लागले. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले, पण वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे त्या वेगाने झाली नाहीत, आणि जी झाली ती आधी कोटातील कचेऱ्या व उच्चभ्रू वस्तीच्या बाजूला झाली. परिणामी समुद्रात भर घालून तयार केलेल्या सखल जमिनीवर, जेथे भाडे कमी म्हणून मजूर राहत होते, पाणी मुरत आणि साचत राहिले. दोन चाळींच्या पाठी एकमेकींना लागून जो चिंचोळा पट्टा सुटे त्याला घरगल्ली म्हणत. मागच्या भिंतीतील संडासांच्या टोपल्या या गल्लीत उतरत, मोऱ्यांचे पाणी तिच्यातच पडे आणि वरच्या मजल्यांवरून फेकलेला केरकचराही तेथेच कुजे. नगरपालिकेने नेमलेले सफाई कामगार, ज्यांना त्या काळी हलालखोर म्हणत, या गल्लीत शिरून मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून बाहेर काढीत. खालच्या मजल्यावरच्या खोल्यांना याच गल्लीकडे उघडणारी एखादी खिडकी असे, आणि ती उघडली तर दुर्गंधी व मिटली तर अंधार, असा तेथल्या भाडेकरूंचा रोजचा पेच होता.

प्लेगचा शिरकाव झाला तो मांडवीत. १८९४ साली हाँगकाँगमध्ये ही साथ उसळली होती, तेथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी तिचा जंतू ओळखला होता, आणि मुंबईचा हाँगकाँगशी व्यापार अखंड चालू होता. गोदीला लागून असलेल्या मांडवीत खाली धान्याची वखार आणि वर माणसांची बिऱ्हाडे अशी घरांची सर्वसाधारण रचना होती. १८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी तेथे उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना जोराचा ताप भरून काखेत किंवा जांघेत गाठ येऊ लागली. गोव्यातील हडफडे गावचे आणि मुंबई नगरपालिकेचे सभासद असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबरमध्ये हा रोग ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान केले आणि ते नगरपालिकेच्या सभेत उघडपणे मांडले. व्यापारी बंदराला प्लेगग्रस्त म्हणून जाहीर करण्याचे परिणाम सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे आरंभी ‘संशयास्पद ताप’ अशा शब्दांआड ही गोष्ट झाकण्याचा प्रयत्न झाला. व्हिएगस यांचे निदान खरे ठरले, तोवर रोग मांडवीच्या वेशीबाहेर पडला होता.

उपायांची दिशा ठरवताना अधिकाऱ्यांच्या मनात जुना समज पक्का होता, तो असा की रोग घाणीच्या वाफांतून आणि ती घाण करणाऱ्या माणसांतून उपजतो. म्हणून गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुण्यात आली, घरांना चुना फासण्यात आला, प्रकाश यावा म्हणून छपरांवरची कौले उतरवण्यात आली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आणि घरे रिकामी करण्याचा अधिकार घेतला. ज्याला बंगला होता त्याला घरातच वेगळी खोली ठेवता येत असल्याने या अधिकाराची झळ मुख्यतः त्यालाच लागली ज्याच्याकडे दुसरी खोली नव्हती. चाळीतला रोगी म्हणजे आर्थर रोडच्या रुग्णालयात जाणारा रोगी, आणि तेथे तो बहुधा अखेरच्या अवस्थेत पोहोचत असल्याने परत येणाऱ्यांची संख्या थोडी होती. डॉ. नसरवानजी चोक्सी आणि त्यांचे सहकारी तेथे जिवावर उदार होऊन काम करीत होते, पण रुग्णालयात माणसांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढतात अशी वदंता गिरणगावात पसरली. सुशिक्षितांनी तिला अडाणीपणा म्हणून हिणवले. ज्या माणसाला सरकारचा अनुभव केवळ शिपाई, दंड आणि जप्ती यांच्या रूपाने आला होता, त्याच्या दाराशी तेच सरकार अचानक रुग्णवाहिका घेऊन उभे राहिल्यावर त्याने विश्वास ठेवावा ही अपेक्षाच अवास्तव होती. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले आणि त्यांनी तेथे मोडतोड केली.

त्यानंतर सक्ती काही काळ सैल करण्यात आली, आणि त्यामागचे एक कारण विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. भेदरलेले सफाई कामगार शहर सोडून गेले तर काही दिवसांतच मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही भीती अधिकाऱ्यांना रोगापेक्षाही मोठी वाटत होती. समाजाने ज्यांना स्पर्शही वर्ज्य मानला त्यांच्या हातांवर लाखोंचे आरोग्य उभे असल्याची ही सरकारी कबुली होती, मात्र तिच्यामुळे त्यांच्या घरांत किंवा वेतनात काही लक्षणीय बदल झाल्याचे दिसत नाही.

हिवाळ्यात साथ भडकली आणि फेब्रुवारी १८९७ पर्यंत शहरातील जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. जे गावी गेले त्यांतील अनेकांच्या मुलखात त्याच वर्षी दुष्काळ होता, म्हणजे एका संकटातून सुटण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा आश्रय घ्यावा लागला. मागे राहिलेल्या कामगारांचा भाव मात्र वधारला. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कित्येक दिवस अडकवून ठेवणाऱ्या गिरण्या रोजच्या रोज मजुरी चुकती करू लागल्या, आणि नाक्यानाक्यावर जॉबर, म्हणजे कामगारांची भरती करणारे मुकादम, चढ्या दराने माणसे मिळवण्यासाठी एकमेकांशी चढाओढ करू लागले. साथ ओसरताच गिरण्या पुन्हा जुन्या वहिवाटीवर गेल्या. एवढ्या काळापुरते तरी हे सिद्ध झाले होते की अधिक मजुरी देणे गिरण्यांना अशक्य नव्हते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा मंजूर झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरझडत्या सुरू झाल्या, स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली, ज्या घरात रोगी सापडे त्याच्या भिंतीवर लाल वर्तुळ काढले जाई आणि जी खोली माणसांना राहण्यास अयोग्य ठरे तिच्यावर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. अशा खोलीतून निघालेल्या कुटुंबाने कोठे जावे याचे उत्तर बहुधा लांबच्या मैदानातील कारंटीनच्या झोपड्या हे असे, आणि तेथे राहिल्याने बुडालेला रोज कोणी भरून देत नसे. सधन जातीजमातींनी आपापली स्वतंत्र रुग्णालये उभारली, सरकारनेही त्यांना मुभा दिली, आणि त्यामुळे ज्यांच्यामागे ट्रस्ट नव्हता की शेठ नव्हता ते तेवढे सरकारी छावणीत उरले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या, म्हणजे जुलाह्यांच्या, वस्तीत एका आजारी मुलीला हलवण्यावरून वाद पेटला, गोळीबार झाला, माणसे मेली आणि दंगल शहराच्या अन्य भागांत पसरली. घरझडतीची पद्धत यापुढे टिकणार नाही हे सरकारने त्यानंतर ओळखले.

पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच मरण पावल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना चालवला होता आणि ज्यांना कोणी हात लावत नव्हते असे रोगी तेथे आणले जात होते. सरकारी सक्ती आणि दैवावर हवाला या दोहोंच्या पलीकडची आणखी एक वाट त्या काळात चालली गेली होती, याचा हा पुरावा आहे.

दरम्यान विज्ञान आपल्या गतीने पुढे जात होते. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखवले की प्लेगचा जंतू उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, म्हणजे उंदीर मेला की भुकेली पिसू दुसरे शरीर शोधते आणि तिच्या चाव्याबरोबर रोग त्या शरीरात जातो. हे मत बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनिपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा तपासल्या, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने सिमाँ यांचे म्हणणे निर्विवाद ठरवले. या शोधाचा सामाजिक अर्थ मोठा होता. माणूस माणसाला रोग देत नसून घर माणसाला रोग देते, हे आता सिद्ध झाले होते. धान्याची वखार, पोकळ भिंती, मातीची जमीन, घरगल्लीतला कचरा आणि जमिनीवर दाटीने झोपणारी माणसे ही ती साखळी होती, आणि आधीच्या वर्षांत चाललेली धुलाई व खोदाई यांमुळे उंदीर एका चाळीतून उठून शेजारच्या चाळीत गेले असण्याचीच शक्यता अधिक होती.

घरांचा प्रश्न सोडवण्यासाठी १८९८ मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिची साधने भक्कम होती: सरकारच्या व नगरपालिकेच्या जमिनी, कर्ज उभारण्याचा अधिकार आणि सक्तीने जागा संपादन करण्याची मुभा. तिने नागपाड्यापासून सुरुवात केली, समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा येथे आखीव वसाहती पाडल्या. या रस्त्यांचे आणि वसाहतींचे देखणेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु रस्त्याच्या रेषेत ज्या चाळी आल्या त्या आधी पडल्या, आणि त्यांतील माणसांसाठी नव्या खोल्या बांधण्याचे काम मागून, सावकाश आणि अपुरे झाले. संपादनाची भरपाई घराच्या भाडे-उत्पन्नावर ठरत असल्याने ज्या मालकाने खोल्यांत सर्वाधिक माणसे कोंबली होती त्याला सर्वाधिक रक्कम मिळाली, तर भाडेकरूच्या हाती काहीच आले नाही. तो शेजारच्या गल्लीत गेला, तेथली गर्दी वाढली, भाडे चढले आणि पूर्वी बऱ्या अवस्थेत असलेली चाळ काही वर्षांत पाडण्याच्या यादीत येण्याजोगी झाली. दादर-माटुंग्याचे भूखंड मुख्यतः पांढरपेशा वर्गाकडे गेले.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना हा दोष कळला होता आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला. १९१२ च्या सुमारास त्यांनी खोलीतील उजेड व हवा यांचे एक माप आग्रहाने मांडले: खिडकीसमोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत जाणारी रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये, म्हणजेच समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. इतके साधे माप जुन्या मुंबईच्या हजारो खोल्या पुरे करू शकत नव्हत्या, आणि घरमालकांचे वजन नगरपालिकेत मोठे होते. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मालमत्तेशी व कराशी बांधलेला असल्याने एका खोलीच्या बिऱ्हाडाला तेथे आवाजच नव्हता. मुंबईचे आरोग्य वर्षानुवर्षे का सुधारले नाही याचे मूळ वैद्यकात कमी आणि या मताधिकारात अधिक शोधावे लागते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या विषमतेचा हिशेब आकड्यांत मांडला. जूनमध्ये बंदरातून आलेली ही साथ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संहारक रूप घेऊन परतली. तिच्यात पिसू नव्हती की उंदीर नव्हता. श्वासावाटे पसरणारा हा रोग सैद्धान्तिकदृष्ट्या सर्वांना सारखा होता, पण मृत्यू सारखे झाले नाहीत. दर हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि मुसलमानांत १९.२ होते, तर सरकारी तक्त्यांत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्यांत ते ६१.६ होते. युद्धकाळातली महागाई आणि अपुरे अन्न, न थांबणारी मजुरी आणि कोंदट खोली यांनी मिळून हे अंतर पाडले. ज्यांनी शहराची घाण वाहिली, गोदीत ओझी उचलली आणि गिरणीत सर्वांत कमी पगाराची कामे केली, त्यांच्यात मृत्यू युरोपियनांच्या सातपटीहून अधिक होता.

साथींनी निदान लक्ष तरी वेधले. त्यांच्या मध्यंतरात रोज होणाऱ्या मृत्यूंकडे फारसे कोणी पाहत नव्हते, आणि त्यांत अर्भकांची संख्या सर्वांत मोठी होती. १९२१ सालच्या नोंदींप्रमाणे मुंबईत एका खोलीच्या घरांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले, दोन खोल्यांच्या घरांत ३२२, तीन खोल्यांच्या घरांत १९१ आणि चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. या आकड्यांत एक विकृती आहे आणि ती सांगितली पाहिजे. गिरणीतल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर माहेरी जात, मुलाचा जन्म तेथे नोंदला जाई आणि परत आणल्यावर ते दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे, म्हणून एका खोलीचा आकडा प्रत्यक्षाहून फुगलेला आहे. ही फूग काढून टाकली तरी पायऱ्यांचा उतार तसाच राहतो.

त्याच सुमारास डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा बाळागोळीची सर्रास चाल समोर आली. ही अफूची बारीक गोळी. आई पहाटे कामावर निघताना ती मुलाला चाटवी, त्यामुळे मूल दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे आणि दूधही मागत नसे. अशी मुले हडकत जात आणि साध्या जुलाबाने किंवा खोकल्याने दगावत. या चालीबद्दल आयांना दोष देणाऱ्या लेखनाची त्या काळी कमतरता नव्हती. बाळंतपणाची रजा घेतली तर पगार नाही, परतल्यावर काम राहील याची शाश्वती नाही, सांभाळायला घरात म्हातारे माणूस नाही आणि गिरणीत पाळणाघर नाही, अशा स्थितीत दहा तास दूर राहणाऱ्या आईपुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे त्या लेखकांनी विचारले नाही. मुंबई कायदे मंडळात प्रसूतिरजेच्या काळात स्त्री कामगाराला भत्ता देण्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मंजूर झालेला मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला कायदा ठरला. प्लेग समितीच्या सगळ्या झडत्यांपेक्षा या एका कायद्यात गिरणगावच्या आरोग्याची अधिक खरी समज होती.

घरांच्या बाबतीत सरकारने स्वतः बांधकामाला हात घातला तो साथ आल्यानंतर जवळपास पंचवीस वर्षांनी. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला गेला आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळींत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. भिंती काँक्रीटच्या, संडास प्रत्येक मजल्यावर सामाईक आणि खोली १६० चौरस फुटांची, तीही प्रत्येक कुटुंबाला एकच. वरळीच्या चाळी गिरण्यांपासून आडबाजूला पडल्याने आणि भाडे पगाराच्या मानाने जड असल्याने त्यांतील पुष्कळ खोल्या आरंभीची काही वर्षे रिकाम्या राहिल्या. नंतर त्या भरल्या आणि तीन-तीन पिढ्या त्यांत नांदल्या. वरळीच्या या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे, आतच संडास असलेले घर मिळाले ते ऑगस्ट २०२५ मध्ये.